‘रेचल गेटिंग मॅरीड’ : क्षमेवाचून सावरणाऱ्या घराची कथा

लग्नघर आणि त्यातले रुसवेफुगवे हा जगभरच्या चित्रपटांचा आवडता विषय आहे. अमेरिकन दिग्दर्शक जोनाथन डेमी यांच्या ‘रेचल गेटिंग मॅरीड’ (२००८) या चित्रपटातही थोरल्या बहिणीचे लग्न आहे, पाहुणे आहेत, गाणी आहेत आणि मानपानही आहेत. मात्र या लग्नाला धाकटी बहीण येते ती थेट व्यसनमुक्ती केंद्रातून. तिच्या व्यसनापायी या घराने एक मूल गमावले आहे. नशा सोडणे माणसाच्या हाती असू शकते. पण ज्यांचे नुकसान झाले त्यांची क्षमा मिळवणे त्याच्या हाती असते काय, असा प्रश्न हा चित्रपट विचारतो आणि सोपे उत्तर देण्याचे कटाक्षाने टाळतो. व्यसन आणि कौटुंबिक शोक या विषयावरील अलीकडच्या काळातील महत्त्वाच्या चित्रपटांत त्याची गणना होते ती यामुळेच.

कथानक

चित्रपटाची कथा लग्नाच्या आगेमागे घडणाऱ्या मोजक्या दिवसांची आहे. किम (अ‍ॅन हॅथवे) ही विशीतली तरुणी नऊ महिन्यांपासून नशामुक्त आहे. बहीण रेचल (रोझमेरी डेविट) हिच्या लग्नासाठी तिला केंद्रातून काही दिवसांची सुटी मिळते. वडील पॉल (बिल अर्विन) आणि सावत्र आई कॅरल (अ‍ॅना डिव्हीअर स्मिथ) तिला कनेटिकट राज्यातील घरी घेऊन येतात. सख्खी आई अ‍ॅबी (डेब्रा विंगर) घटस्फोटानंतर वेगळी राहते. नवरदेव सिडनी (तुंडे अडेबिम्पे) याचे कुटुंबही घरी जमले आहे.

किमचे आगमन होताच घरातला तोल बिघडतो. मुख्य करवलीचा मान रेचलने एमा या मैत्रिणीला दिला आहे, हे कळताच किम दुखावते आणि हट्टाने तो मान आपल्याकडे घेते. वडील तिला सारखे काही तरी खायला देऊ पाहतात. ती कोठे निघाली, कोणाची गाडी घेऊन निघाली याची चौकशी करतात. त्या चौकशीत काळजी आहे आणि अविश्वासही. हा अविश्वास किमला क्षणोक्षणी जाणवत राहतो. ती सायकलवरून गावातल्या व्यसनमुक्तांच्या सभेला जाते. तेथे दिसलेला कीरन (मॅथर झिकेल) हा तरुण नवरदेवाचा ‘बेस्ट मॅन’ असल्याचे तिला नंतर कळते. कीरनही व्यसनातून बाहेर पडलेला आहे. पण त्याचा भूतकाळ या घराला ठाऊक नसल्याने तो सहजपणे वावरू शकतो, तर किमला तिच्या जन्मघरीच ती मोकळीक नाही.

पुलावरचा अपघात

घरात कोणीही उघडपणे न उच्चारलेली घटना प्रेक्षकाला टप्प्याटप्प्याने कळते. सोळा वर्षांची असताना किम धाकट्या भावाला, एथनला, सांभाळत होती. तिने ‘पर्कोसेट’च्या गोळ्या घेतल्या होत्या. उद्यानातून घरी परतताना तिचा गाडीवरील ताबा सुटला, गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि आसनाच्या पट्ट्यात अडकलेल्या एथनला तिला बाहेर काढता आले नाही. ही कहाणी किम स्वतःच सभेत अनोळखी माणसांसमोर सांगते. आपल्याला क्षमा करू शकेल अशा देवावर विश्वास ठेवावासा वाटत नाही, असेही ती तेथे बोलून जाते. पटकथेचा गाभा या कबुलीत आहे. जगाने क्षमा केली तरी ती स्वीकारण्याची किमची तयारी नाही.

‘पर्कोसेट’ हे ऑक्सीकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि पॅरासिटॅमॉल यांचे मिश्रण असलेले औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या अशा वेदनाशामकांचा गैरवापर हा पुढील काळात अमेरिकेतील मोठा सामाजिक प्रश्न ठरला. २०२१ या एका वर्षात त्या देशात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक लोक मरण पावले. त्यात अफूवर्गीय द्रव्यांचा वाटा सर्वाधिक होता. डेमी यांचा चित्रपट या प्रश्नाचा गवगवा होण्याच्या बराच आधीचा आहे. सुखवस्तू, सुशिक्षित घरातली मुलगी औषधाच्या बाटलीपासून दुर्घटनेपर्यंत कशी पोहोचते, हे त्याने विशेष भाष्य न करता दाखवले.

अपघाताची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर चित्रपटातील सर्वांत तीव्र प्रसंग आधारलेला आहे. लग्नाच्या आदल्या रात्री किम आईच्या घरी जाते. मुलगी नशेच्या आहारी गेली आहे हे माहीत असताना लहानग्याला तिच्याकडे सोपवले कसे, असा जाब ती विचारते. एथनजवळ असताना तू सर्वांत चांगली वागत होतीस, हे आईचे उत्तर असते. पाठोपाठ संतापाचा उद्रेक होतो. आई मुलीला मारते आणि मुलगीही उलट हात उगारते. या एका प्रसंगात अ‍ॅबीचा अबोल, सभ्य दुरावा उलगडतो. तिलाही स्वतःच्या निर्णयाचा हिशेब द्यायचा आहे आणि तो टाळण्यासाठीच ती दूर राहत आली आहे. किमचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही, परंतु शोकाचे सारे ओझे एकाच माणसावर टाकणे या कुटुंबाला किती सोयीचे झाले होते, हे प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

बारा पायऱ्या आणि नववी पायरी

किम ज्या सभांना जाते त्यांची परंपरा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेपासून सुरू होते. बिल विल्सन हे शेअर बाजारातील गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद या दोघा मद्यासक्तांनी १९३५ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे या चळवळीचा पाया घातला. १९३९ साली संघटनेचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात बारा पायऱ्यांचा क्रम मांडला गेला. व्यसनापुढे आपण हतबल आहोत ही कबुली म्हणजे पहिली पायरी. आपण ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करणे ही आठवी, तर शक्य तेथे त्यांना भेटून भरपाई करणे ही नववी पायरी होय. मात्र अशा भरपाईने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर ती करू नये, असा अपवाद नवव्या पायरीतच नमूद आहे.

चित्रपटातील लग्नापूर्वीच्या जेवणाचा प्रसंग या अपवादावरच बोट ठेवतो. पाहुणे एकामागून एक उठून वधूवरांना शुभेच्छा देतात. डेमी यांनी हा प्रसंग मुद्दाम लांबवला आहे, जणू प्रेक्षकही पंगतीला बसला आहे. किमची पाळी येते तेव्हा ती स्वतःची ओळख संहारक शिव अशी करून देते, केंद्रातल्या दिवसांवर विनोद करते आणि भरपंगतीत बहिणीची माफी मागू लागते. पाहुण्यांना कोठे पाहावे ते समजत नाही. पायऱ्यांच्या भाषेत किमचे वागणे नियमाला धरून आहे. परंतु रेचलच्या दृष्टीने तिच्या आनंदाच्या दिवशीही सगळ्यांच्या नजरा पुन्हा किमकडेच वळल्या आहेत. माफी मागणाऱ्याला हलके वाटते, ऐकणाऱ्यावर मात्र ती उत्तर देण्याचे ओझे टाकते, हे या प्रसंगातून लख्खपणे समोर येते.

रेचलची तक्रार पुढे अधिक स्पष्ट होते. केंद्रात किमसोबत उपचार घेतलेला एक तरुण ब्यूटी पार्लरमध्ये भेटतो. किमने सांगितलेल्या, दोघी बहिणींवरील अत्याचाराच्या आणि आजारपणाच्या कहाणीने आपल्याला बळ मिळाले, असे सांगून तो तिचे आभार मानतो. ती कहाणी खोटी असते. मानसशास्त्रात डॉक्टरेट करणारी रेचल संतापते. घरातल्या एका भांडणात वाद रंगात आला असतानाच ती आपण गरोदर असल्याचे जाहीर करते आणि सारे घर हर्षभरित होते. भांडण अर्धवट राहिल्याने किमला हा अन्याय वाटतो. लहानपणापासून लक्ष वेधून घेण्याची जी चढाओढ या बहिणींत चालू आहे, तिचे इतके नेमके चित्रण क्वचितच पाहायला मिळते.

अशा सभांची पद्धत महाराष्ट्राला अपरिचित नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही ‘एए’च्या सभांना स्थान मिळाले. रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही आधाराची गरज असते, हे ओळखून तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला गेला. व्यसनी माणूस केंद्रात बरा होतो, पण त्याला परतायचे असते ते त्याच्या वागण्याने पोळलेल्या घरात. किमच्या कथेतील हा पेच येथील कुटुंबांनाही ओळखीचा वाटावा असाच आहे.

एक ताटली

चित्रपटातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. भांडी धुण्याच्या यंत्रात कोण अधिक चांगल्या रीतीने व वेगाने भांडी रचतो, यावरून पॉल आणि होणारा जावई सिडनी यांच्यात पैज लागते. सारे पाहुणे भोवती जमून आरडाओरडा करतात. पॉल जिंकत असताना किम उत्साहाने आणखी भांडी त्याच्या हाती देते. त्यांत एक लहान मुलाची ताटली निघते. ती एथनची असते. हशा तत्क्षणी थांबतो आणि पॉल काही न बोलता खोलीतून निघून जातो.

पटकथालेखिका जेनी ल्युमेट या ‘१२ अँग्री मेन’चे दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांच्या कन्या. आपले वडील आणि नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी यांच्यात अशीच चढाओढ झाली होती, त्यावरून हा प्रसंग सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. घरगुती आठवणीतील गमतीला त्यांनी शोकाची जोड दिली. मृताची आठवण तसबिरीपेक्षा कपाटातल्या एखाद्या वस्तूतून अवचित अंगावर येते, हा ज्यांनी घरात मृत्यू पाहिला त्या सर्वांचाच अनुभव आहे. विशेष म्हणजे ती ताटली पुढे करणारा हात पुन्हा किमचाच असतो. तिचा काहीही दोष नसताना दुखापत मात्र तिच्याच हातून होते.

साड्या, हत्ती आणि शिव

भारतीय प्रेक्षकाला या चित्रपटातील लग्नाचा थाट पाहून आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. वधू आणि तिच्या करवल्या साड्या नेसतात आणि केकवर हत्तीची आकृती असते. वधूवरांपैकी कोणीही भारतीय नाही. वधू गोरी, वर कृष्णवर्णीय. मात्र या आंतरवंशीय विवाहाबद्दल चित्रपटात एकही पात्र अवाक्षर काढत नाही. संगीतही असेच अनेक मुलखांचे आहे. मध्यपूर्वेतील वाद्यांपासून जॅझ आणि ब्राझीलच्या सांबापर्यंत सारे त्यात नांदते. सिडनी मंगलप्रसंगी नील यंग यांचे एक गीत वाद्यांच्या साथीवाचून गातो.

चित्रपटाचे आरंभीचे नाव ‘डान्सिंग विथ शिवा’ असे होते. संहार आणि नवनिर्मिती एकाच नृत्यात सामावणाऱ्या शिवाची प्रतिमा मूळ कल्पनेत होती, याचा हा पुरावा म्हणता येईल. पुढे नाव बदलले, तरी पंगतीतील किमच्या भाषणात तिची खूण उरली आहे. साड्यांची हौस ही पाश्चात्त्यांची वरवरची आवड आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु या सजावटीचा आणखी एक परिणाम होतो. जगातल्या सर्व परंपरांना सामावून घेणारे हे उदार घर स्वतःच्या एका मुलीला मात्र सामावून घेऊ शकत नाही, हा विरोधाभास त्यामुळे अधिक ठळक होतो.

घरगुती चित्रफितीची शैली

चित्रपटाचे चित्रीकरण २००७ च्या अखेरीस कनेटिकटमधील स्टॅमफर्ड येथे ३३ दिवसांत झाले. छायाचित्रणकार डेक्लन क्विन यांनी कॅमेरा हातात धरूनच बहुतांश दृश्ये टिपली. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’चे (२००१) छायाचित्रणही क्विन यांचेच. पाहुण्यांच्या गर्दीत शिरून चेहऱ्यांचा वेध घेण्याची तीच रीत येथे दिसते. आपल्याला एक सुंदर घरगुती चित्रफीत बनवायची होती, अशी डेमी यांची भूमिका होती. स्वतंत्र पार्श्वसंगीत टाळून लग्नाला आलेल्या वादकांचे सूरच त्यांनी दृश्यांत वापरले. त्यामुळे एका खोलीत भांडण चालू असताना शेजारून व्हायोलिनची तालीम ऐकू येते. दुःखासाठी या घरात वेगळी, शांत जागाच उरलेली नाही, हे त्यातून आपोआप जाणवते.

‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) या ऑस्करविजेत्या थरारपटासाठी आणि ‘फिलाडेल्फिया’साठी (१९९३) डेमी सर्वत्र ओळखले जात. संगीतविषयक माहितीपटांतही त्यांना विशेष रस होता. ‘रेचल गेटिंग मॅरीड’मध्ये कथापट आणि माहितीपट या दोन्ही प्रकारांतील त्यांचा अनुभव एकत्र आला. २६ एप्रिल २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

अभिनय आणि गौरव

‘द प्रिन्सेस डायरीज’ (२००१) आणि ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ (२००६) या चित्रपटांमुळे गोड, सालस नायिका अशी हॅथवे यांची प्रतिमा तयार झाली होती. किमच्या भूमिकेने ती मोडली. तिरकस बोलणारी, सतत धूम्रपान करणारी, सहानुभूती मागतानाच ती झिडकारणारी ही मुलगी त्यांनी कोणतीही सारवासारव न करता उभी केली. या भूमिकेसाठी ‘नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू’ने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. ऑस्करसाठीही त्यांना नामांकन मिळाले. तो पुरस्कार २००९ साली ‘द रीडर’मधील भूमिकेसाठी केट विन्स्लेट यांना मिळाला. जेनी ल्युमेट यांची ही चित्रपटात उतरलेली पहिलीच पटकथा. तिला न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षक मंडळाने २००८ ची सर्वोत्कृष्ट पटकथा म्हणून गौरवले. पुरस्कारांच्या यादीत नाव नसले तरी बिल अर्विन यांचा पॉल विसरता येण्यासारखा नाही. दोन्ही मुलींना एकाच वेळी जपू पाहणारा आणि तसे करताना दोघींनाही अपुरा पडणारा हा बाप चित्रपटातील सर्वांत हळवी व्यक्तिरेखा आहे.

व्यसनकथांच्या परंपरेत

मराठी प्रेक्षकाच्या मनात व्यसनाची शोकांतिका म्हटली की राम गणेश गडकरी यांचे १९१९ साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ उभे राहते. तान्हे मूल आणि पत्नी सिंधू यांचा बळी गेल्यावर सुधाकरही जीवनयात्रा संपवतो. हॉलीवूडमध्ये ‘द लॉस्ट वीकेंड’ (१९४५) आणि ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ (१९६२) यांनी मद्यपीच्या अधोगतीचे दर्शन घडवले, तर ‘२८ डेज’सारख्या (२०००) चित्रपटांनी उपचार केंद्रातील दिवस रंगवले. बुडालेल्या भावामुळे दुभंगलेले घर रॉबर्ट रेडफोर्ड यांच्या ‘ऑर्डिनरी पीपल’मध्ये (१९८०) आले होते. डेमी यांच्या चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या आरंभबिंदूत आहे. मूल गेले आहे, नशाही सुटली आहे. ‘एकच प्याला’चा पडदा जेथे पडतो, त्याच्याही पुढे येथील गोष्ट सुरू होते. नाश झाल्यानंतर जिवंत राहिलेल्यांनी एका छपराखाली कसे वावरायचे, हा तिचा विषय आहे.

शेवट

आईकडून निघालेली किम गाडी झाडीत नेऊन आदळते आणि रात्र तेथेच काढते. सकाळी पोलिस तिची तपासणी करतात. ती नशेत नसल्याचे निष्पन्न होते. सर्वांत वाईट रात्रीही ती गोळीकडे वळलेली नाही. चित्रपट या गोष्टीचा गाजावाजा करत नाही, पण किमचा खरा विजय तोच आहे. घरी परतल्यावर रेचल तिला न्हाऊमाखू घालते. त्या वेळी किमच्या अंगावर गोंदलेले एथनचे नाव तिला दिसते. दोघी बहिणींत तडजोडीचे शब्द बोलले जात नाहीत, तरी समेट झाल्याचे प्रेक्षकाला उमगते.

आईच्या बाबतीत तसे घडत नाही. लग्न आटोपताच अ‍ॅबी निघते. रेचल दोघींना जवळ आणू पाहते. अ‍ॅबी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किम केंद्राकडे परतते आणि रेचल धावत येऊन तिला मिठी मारते. सगळ्या जखमा भरून आल्याचा देखावा चित्रपट करत नाही. बहीण जवळ येते, वडील पाठीशी उभे राहतात, आई दूरच राहते आणि तरीही किमला उद्याचा दिवस नशेवाचून काढायचा असतो. व्यसनमुक्ती ही क्षमेच्या अटीवर अवलंबून ठेवता येत नाही, असे हा चित्रपट सांगतो. ज्या घरांनी हा प्रवास अनुभवला आहे, त्यांना या सांगण्यातील सच्चेपणा समजावून देण्याची गरज पडणार नाही.

चित्रपटाविषयी थोडक्यात

दिग्दर्शक : जोनाथन डेमी
पटकथा : जेनी ल्युमेट
छायाचित्रण : डेक्लन क्विन
संकलन : टिम स्क्वायर्स
संगीत : डोनाल्ड हॅरिसन ज्युनिअर, झाफर ताविल
प्रमुख कलावंत : अ‍ॅन हॅथवे, रोझमेरी डेविट, बिल अर्विन, डेब्रा विंगर, तुंडे अडेबिम्पे, मॅथर झिकेल, अ‍ॅना डिव्हीअर स्मिथ
पहिले प्रदर्शन : व्हेनिस चित्रपट महोत्सव, सप्टेंबर २००८
अमेरिकेत प्रदर्शित : ३ ऑक्टोबर २००८
भाषा : इंग्रजी